बांधावरच्या गजाली : शेत पड ठेवलं तर काय बिघडतं?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की गोव्यातली जमीन, शेत, कुळागर (सुपारी-नारळाची बाग), भाट (माडांची बाग) याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. चवथीच्या गडबडीत कोण पाठवतंय असं वाटलं होतं पण पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, एक तर करंज्यांच्या डब्यात चिठ्ठी घालून आलं (करंज्या उत्तम होत्या, चिठ्ठीवर तूप सांडलेलं). सगळी घेता येणार नाहीत, त्यातली ही सहा.

प्रश्न : माझं सासर बार्देशात, खाडीच्या काठाला. आमचं थोडं खाजन शेत आहे, सासरे होते तोवर पिकत होतं, ते गेल्यावर सहा वर्षं पड आहे. नवरा आणि दीर दोघेही पणजीला नोकरीला, कोणाला वेळ नाही. आता एक एजंट दोनदा येऊन गेला, दीर म्हणतात पडच आहे ना मग विकलं तर काय बिघडलं, कोणाचं काय जातंय. मला बरं वाटत नाहीये पण मी मूळची साताऱ्याची, खाजन म्हणजे काय तेच मला धड कळत नाही आणि सुनेला विचारतंय कोण?
— बार्देशातली एक सून

उत्तर : ताई, शेवटचं वाक्य आधी घेते कारण तेच चुकलंय. सुनेला विचारावं लागतं. साताऱ्यात नवरा आपल्या नावावरची जमीन आपल्या सहीने विकू शकतो, गोव्यात तसं नाही, इथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो आणि लग्न झालेल्या माणसाला जमीनजुमला विकायचा तर जोडीदाराची संमती लागते. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसला तर दोघांची मालमत्ता अर्धी-अर्धी धरतात. म्हणजे विक्रीखतावर तुमची सही लागणार आणि तुमच्या जावेचीसुद्धा लागणार. तुमचं लग्न गोव्यात नोंदलंय का आणि कसं नोंदलंय तेवढं एकदा वकिलाला दाखवून घ्या. सासरे गेल्यावर इन्व्हेंटरी (कोर्टातर्फे वारसांची वाटणी) करून वाटण्या झाल्यात का तेही बघा, झाल्या नसतील तर एजंटाला चहा पाजून परत पाठवा, त्याच्याकडे देण्यासारखा कागदच तुमच्याजवळ नाही.

दुसरं, सासऱ्यांकडे हे शेत आलं कसं? वडिलोपार्जित की भाटकाराचं (जमीनदाराचं) किंवा कोमुनिदादीचं (गावच्या सामायिक संस्थेचं) कूळ म्हणून? कारण कूळ कायद्याच्या १९७६च्या दुरुस्तीने जी कुळं मालक झाली त्यांच्या जमिनीला दोन गाठी आहेत. विकायला मामलेदाराची परवानगी लागते, आणि १९९१च्या जमीन वापर कायद्याप्रमाणे अशी कुळाला मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. एजंट हे सांगत नाहीत, तो म्हणतो बघू, करून घेऊ. या 'करून घेऊ'वर कितीतरी लोकांनी टोकन घेतलंय आणि मग वर्षानुवर्षं तारखा मारल्यात.

आता खाजन. मांडवी, झुआरी, शापोरा या आपल्या नद्यांमध्ये भरतीचं खारं पाणी समुद्रापासून कितीतरी आत येतं. त्यांच्या काठची सखल जमीन मूळची चिखलाची, खारफुटीची. तिला बांध घालून नदीपासून तोडायची आणि आत भात लावायचं ही युक्ती इथल्या गावकारांनी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांनी, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी काढली. १५२६ साली पोर्तुगीजांनी गावकारीचे रीतिरिवाज लिहून काढले, तेव्हाच ते जुने होते. गाव मिळून बांध घालायचा, गाव मिळून राखायचा, शेतं पावणीला (लिलावाला) लावायची, खर्च वजा जाता जे उरेल त्यातून गावकारांना झोण (वाटा) मिळायचा, असा तो सगळा हिशेब.

बांध नुसता घालून भागत नाही कारण पावसाचं पाणी आतून बाहेर जायला हवं आणि नदीचं खारं पाणी आत यायला नको, दोन्ही एकाच तोंडातून. त्या तोंडाला मानस म्हणतात. तुम्ही एकदा संध्याकाळी नवऱ्याला घेऊन तिथे जा. चिऱ्याचं बांधकाम, मध्ये लाकडी दारं, ती अशी टांगलेली की भरती आली की नदीचं पाणीच त्यांना ढकलून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी चढलं की तेच दारं उघडून बाहेर पडतं. मोटर नाही, वायर नाही. दार बंद होताना ओल्या लाकडाचा एक जड धप्प आवाज येतो, मागून फटींतून पाण्याची शूं शूं. आतल्या बाजूला पोंय, म्हणजे पाणी साठायची खोलगट जागा आणि तिथून शेतापर्यंत गेलेले पाट. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळं लावून मानशेकार बसलेला असतो, त्याला शेवटे, काळुंदर, सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे) मिळतात, त्या हक्काची पावणी होते आणि पूर्वी त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. भात, मासळी आणि बांधाचा खर्च, सगळं त्या एका दारावर.

मग सहा वर्षं पड ठेवलं तर काय बिघडतं? जूनच्या पावसाने जमिनीतला खार धुतला जातो, त्यावर भात येतं, ही दरवर्षीची धुलाई आहे. कोणी शेतात जात नाही म्हणजे कोणी बांधावरून चालत नाही. कुर्लीने बांधाला बीळ पाडलंय, मुठीएवढं, ते कोणाला दिसत नाही. पुनवेच्या उधाणाला त्यातून पाणी पाझरतं, पुढच्या अवसेला बीळ हातभर होतं, आणि एक दिवस भगदाड. खारं पाणी एकदा आत शिरलं की ते तुमच्या तुकड्याची हद्द बघत नाही, सगळ्या खाजनात पसरतं. मग तो खार निघायला दोन-तीन पावसाळे जातात, तेवढ्यात तुमच्या शेजारचा म्हातारा कंटाळून सोडतो, त्याच्या पलीकडचा त्याचं बघून सोडतो. चिखलात खारफुटीची रोपं उगवायला लागतात, दिसायला छान हिरवी, आणि ती मोठी झाली की परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, कायदा आहे आणि खारफुटीपुरता तो बरोबरच आहे. पण तुमचं शेत गेलं. दीर विचारतात ना कोणाचं काय जातंय, त्यांना बांधावर नेऊन तो शेजारचा म्हातारा दाखवा.

आमच्याकडे पेडण्यात, माझ्या सासरच्या खाजनाचा बांध असाच एका आषाढात फुटला. सगळ्यांनी अर्ज केले, ठेकेदार आला, जेसीबी आलं, एका दिवसात बांध उभा, आम्ही खूश. सासूबाई बघून आल्या आणि म्हणाल्या, 'डोंगराची माती घातलीय, ही अवसेला जाते.' खाजनाचा बांध नदीतल्या चिकट काळ्या चिखलाने घालतात, गवताचा थर, चिखलाचा थर, पायाने दाबत दाबत वर आणतात, तांबडी माती पाण्यात साखरेसारखी विरघळते. अवसेपर्यंतसुद्धा नाही टिकला, चौदसलाच गेला. परत अर्ज करायला गेलो तर टेबलावरचा माणूस म्हणतो काम पूर्ण झाल्याची नोंद आहे. अजून तो कागद आमच्या कपाटात आहे, काम पूर्ण.

आता करायचं काय. गावात शेतकऱ्यांची टेनंट्स असोसिएशन असेल, बांध राखायची जबाबदारी कूळ कायदा आल्यापासून कोमुनिदादीकडून त्यांच्याकडे आलीय, मामलेदाराच्या देखरेखीखाली. नवऱ्याला त्यांच्या सभेला पाठवा, नाहीतर स्वतः जा. मानशीच्या लिलावाचे पैसे कुठे गेले आणि मानशेकार मासळीसाठी खारं पाणी जास्त वेळ आत ठेवतो का, हे दोन प्रश्न विचारलेत की सभा कशी चाललीय ते लगेच कळेल.

शेजाऱ्याला कसायला द्यायला लोक घाबरतात, कूळ लागेल म्हणून. ती भीती खोटी नाही, गोव्यात कितीतरी शेतं तेवढ्याच भीतीपायी पड आहेत. पण मग देऊ नका, स्वतःच्या नावाने करा. नांगरणीला ट्रॅक्टर भाड्याने, लावणीला मशीन, कापणीला हार्वेस्टर, सगळ्याची बिलं नवऱ्याच्या नावावर, झोनल अ‍ॅग्रिकल्चर ऑफिसमधून कृषी कार्ड काढून घ्या. पहिल्या वर्षी फायद्याचं नाव काढू नका. बियाणं मात्र खारं सोसणारं घ्या, कोणी ज्योती दिलं तर ते गोड्या शेतासाठी ठेवा. आपलं जुनं कोरगुट मिळालं तर सोनं, नाहीतर जुन्या गोव्याच्या आयसीएआर कृषी संशोधन केंद्राने खाजनासाठी काढलेली गोवा धान ही वाणं आहेत, मे महिन्यातच जाऊन विचारा, जूनमध्ये गेलात तर संपलं म्हणतील.

प्रश्न : मी सावंतवाडीचा, बायकोच्या माहेरची जमीन डिचोलीत आहे. तिचा सातबारा कुठे काढायचा?
— सावंतवाडीचे जावई

उत्तर : जावईबापू, गोव्यात सातबारा नसतो. इथे एक-चौदाचा उतारा, फॉर्म एक आणि चौदा. ऑनलाइन बघता येतो, सही-शिक्क्याचा हवा तर मामलेदार कचेरीत. त्यात नुसतं कब्जेदाराचं नाव बघून परत येऊ नका, कुळाच्या रकान्यात कोणी आहे का, इतर हक्कात काय लिहिलंय आणि पिकाच्या रकान्यात काय आहे तेही वाचा. आणि सासऱ्यांना न सांगता काढू नका, त्यांना कळतंच.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत असते. आम्ही दोघं उन्हाळ्यात तिच्याकडे जाऊन आलो. तिथे मैलोन्मैल शेतं, घोडागाड्या, पांढरी घरं आणि ती म्हणते यातली कितीतरी शेतं कायमची राखीव आहेत, मालकाला हवं असलं तरी तिथे कॉलनी बांधता येत नाही. सरकारने घेतलीत का म्हटलं तर नाही, मालकी शेतकऱ्याचीच. हे कसं? आणि आमच्या फोंड्यात का नाही होत?
— फोंड्याचे आजी-आजोबा

उत्तर : आजी-आजोबा, तुम्ही बघितलंत ते अमिश लोकांचं जुनं गाव, ते वीज-मोटारी टाळतात, शेती घोड्यांनी करतात, आणि ती जमीन चुनखडीवरची, पाटाचं पाणी न देताही भरपूर पिकणारी. शहरं जवळ असल्यामुळे बिल्डरांची नजर तिच्यावर पहिल्यापासून.

युक्ती अशी की जमिनीची मालकी म्हणजे एक वस्तू नव्हे, हक्कांची जुडी, त्यातली एक काडी म्हणजे घरं बांधायचा हक्क. शेतकरी तेवढी एक काडी विकतो किंवा दान देतो, बाकी जुडी त्याचीच राहते. समजा शेत म्हणून जमिनीची किंमत शंभर आणि कॉलनी म्हणून तीनशे, तर मधल्या फरकातला मोबदला त्याला मिळतो आणि बदल्यात करार होतो की ही जमीन कायम शेतीच राहील. तो पुढे विकू शकतो, मुलाला देऊ शकतो, पण विकत घेणाऱ्यालाही करार लागू. काउंटीने यासाठी १९८० साली स्वतःचं मंडळ काढलं आणि १९८८मध्ये एक खाजगी ट्रस्टही उभा राहिला. सरकारी पैसा घ्यायला नको म्हणणारे बरेच अमिश त्या ट्रस्टकडे गेले. दोन्ही मिळून आज एक लाख एकरांच्या वर जमीन अशी बांधून ठेवलीय. मेरीलँडच्या माँटगोमरी काउंटीने त्याच १९८० साली दुसरा रस्ता घेतला, ९३,००० एकर शेतीसाठी राखली आणि नियम केला की २५ एकरांमागे एकच घर. २५ एकर म्हणजे आपल्याकडे अख्खा वाडा, देऊळ, तळी आणि मैदानासकट.

फोंड्यात का होत नाही? आपल्याकडे मनाई भरपूर आहे. कुळाच्या जमिनीला १९९१चा कायदा, भातशेतीला २०२३चा, खाजनाला किनारपट्टीच्या सीआरझेड नियमांत खास संरक्षण, कालव्याच्या लाभक्षेत्राला आणखी वेगळा कायदा. पण यातला एकही शेतकऱ्याच्या हातात चार पैसे ठेवून 'राख' म्हणत नाही. लँकेस्टरच्या शेतकऱ्याला न विकण्याचे पैसे मिळाले, आमच्या शेतकऱ्याला न विकण्याचा हुकूम मिळतो. हुकुमाने घरं बांधायची थांबतील पण नांगर फिरत नाही, शेत पड पडतं, आणि पड पडलं की पाच वर्षांनी कोणीतरी म्हणतं इथे शेती होतच नाही, झोन बदला.

आणि झोन बदलतो. तिथला करार जमिनीला कायमचा चिकटलेला असतो, आपला झोन नकाशावरच्या रंगात असतो, आणि रंग काय, ब्रश कोणाच्या हातात आहे त्यावर. लोक रस्त्यावर उतरले म्हणून २००७मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ रद्द झाला. मग २०२३मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं, आराखड्यातल्या चुका दुरुस्त करायला म्हणे, आणि एकेका सर्व्हे नंबरापुरते झोन बदलायला लागले. मार्च २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. तुम्ही पेपर वाचता म्हणजे पुढचं तुम्हाला माझ्याआधी कळेल.

तुमच्या फोंड्यातल्या कुळागरांचं मात्र थोडं वेगळं आहे. ती अजून टिकलीत कारण सुपारी, नारळ, मिरी, जायफळ, केळी अशी एकावर एक पिकं आहेत आणि बारा महिने कोणीतरी पाटाचं पाणी फिरवायला आत असतंच. माडाची तर गंमत सांगायची राहिली, २०१६मध्ये आमच्या सरकारने कायद्यातून माडाला झाड म्हणायचं बंद केलं होतं, मग २०१७मध्ये परत झाड केलं आणि वर राज्यवृक्षसुद्धा. मुलीला फोनवर सांगा, ती हसेल.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे. गोव्यात अर्धा-एक एकर शेतजमीन घेऊन ऑर्गॅनिक शेती करत शांत राहायचं आहे. मित्र म्हणतो आता बाहेरच्यांना घेता येत नाही. खरं का?
— पुण्याचा एक इच्छुक

उत्तर : भातशेतीबद्दल बरंचसं खरं आहे. २०२३च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी केलीय. त्यात 'बाहेरचा' असा शब्द नाही हो, पणजीतला माणूसही शेतकरी नसला तर त्यालाही तीच बंदी. खरंच शेती करायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगी मागायची वाट आहे, आणि मग शेती करून दाखवावी लागते.

रागावू नका पण 'शांत राहायचं आहे' हे वाचून मला थोडं हसू आलं. जुलैच्या सकाळी साडेपाचला चिखलात उतरलात, दुपारी माकडं आली, रात्री रानडुकरं आली आणि सकाळी बघता तर गवे येऊन गेलेत, यात शांत काय? आधी एक पावसाळा कोणाच्या तरी शेतावर काम करून बघा, जमीन नंतर. आणि सोसायटीच्या जाहिरातीत 'फार्म प्लॉट, स्विमिंग पूलसह' असं दिसलं तर ते शेत नव्हे, एवढं आयटीवाल्याला मी वेगळं सांगायला नको.

प्रश्न : आमच्या वाड्याखाली शेतात रात्री अकरानंतर टिप्पर येतात, माती टाकतात आणि पहाटे जातात. पंचाला सांगितलं, तो म्हणतो बघतो. तीन शनिवार झाले. काय करायचं? नाव छापू नका.
— तिसवाडीतून

उत्तर : नाव छापत नाही. शनिवारच का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल, रविवारी कचेऱ्या बंद. सखल जमीन भरायची किंवा डोंगर कापायचा तर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली आधी परवानगी लागते. शेत भरलं की शेताचं नुकसान होतंच, पण खरा फटका वरच्या घरांना, पावसाचं पाणी ज्या खोलगटात जाऊन बसायचं तिथेच माती, मग ते तुमच्या पडवीत येतं. हे वाड्यातल्या लोकांना सांगा, 'पर्यावरण' म्हणून सांगू नका, पडवीत पाणी म्हणून सांगा, दहा सह्या एका संध्याकाळी मिळतात.

फोटो काढा पण एकट्याने समोर जाऊन नको, गाडीचा नंबर आणि मागे ओळखीचं काहीतरी, खांब, क्रूस, देवळाची कमान, असं दिसायला हवं, तारीख-वेळ येऊ दे. सर्व्हे नंबर एक-चौदावरून काढा. अर्ज एकाला देऊ नका, पंचायत, डेप्युटी कलेक्टर, नगरनियोजनाचं तालुका ऑफिस, मामलेदार, चौघांना तोच अर्ज आणि प्रत्येकाच्या प्रतीवर आवक शिक्का. तोंडी सांगितलेलं विसरायला सोपं असतं. शिक्का नाही म्हणाले तर स्पीड पोस्ट. आणि पुढच्या ग्रामसभेत विषय लेखी द्या, म्हणजे मिनिट्समध्ये येईल. तोवर तिथे चार ट्रक माती पडलेली असेल हे खरं आहे, ती परत काढायला लावणं अवघड आणि वेळखाऊ, म्हणून चौथ्या शनिवारची वाट बघू नका.

प्रश्न : यंदा माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं) सगळं सामान म्हापशाच्या बाजारातून आणलं, दीड हजार गेले. आमच्या लहानपणी विकत म्हणून फक्त सफरचंद आणायचे, बाकी सगळं बाबा रानातून घेऊन यायचे. नातवाला अर्ध्या फळांची नावं येत नाहीत आणि खरं सांगू, मलाही आता आठवत नाहीत. ही झाडं गेली कुठे?
— म्हापशाजवळची एक आई, आता आजी

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. गेली कुठे म्हणजे, ती कुठे होती ते आठवा ना. आंबाडा परसात होता, तोरिंजन विहिरीजवळ, चिबूड डोंगरउतारावर पावसाळी मळ्यात, सुपारीचा कात्रो (घड) भावाच्या कुळागरातून, कांगण्या आणि घागऱ्या सड्यावरच्या झुडपांत, आणि कवंडाळाचा वेल गडग्यावर किंवा शेताच्या मेरेवर चढलेला, ती नारिंगी-लाल फळं लांबून दिसायची. यातलं अर्धं कोणी लावलेलं नव्हतंच, जागा तशी सोडलेली होती म्हणून यायचं. आता गडगा काढून कंपाउंड वॉल, मेरेवर तणनाशक, सड्यावर प्लॉट. वेलाला चढायला काही उरलं नाही.

बाजारात विकणाऱ्या बायकांवर रागावू नका, सत्तरीतून, सांग्यातून पहाटे निघून येतात, त्यांना ती फळं कुठल्या डोंगरावर कधी पिकतात ते पाठ असतं. पुढच्या वर्षी घासाघीस करण्याऐवजी त्यांना नावं विचारा आणि नातवाला फोनवर रेकॉर्ड करायला लावा. तुमच्या पंचायतीची जैवविविधता समितीही असेल, गावातल्या झाडापानांची नोंदवही त्यांनी करायची असते, तुमच्यासारख्या आज्यांना विचारून. समितीत कोण आहे ते विचारायला गेलात तर बहुतेक तेच तुम्हाला विचारतील. जा तरीही.

पंचमीला नवं कणीस दाराला बांधता की तेही बाजारातून? हल्ली जुडीवर विकतात, मी बघितलंय, वीस रुपये. आमच्याकडे सासूबाईंचं एक आहे, कणीस विकत आणायचं नाही, शेजाऱ्याच्या शेतातून मागून आणलं तरी चालेल. म्हणून गेल्या तीन वर्षांत, आमचा बांध फुटून शेत खारं झाल्यापासून, मी दर पंचमीला सकाळी पलीकडच्या वाड्यावर जाते, तिथल्या काकी आधी चहा देतात, मग बांधाचं विचारतात, मग कोयती घेऊन स्वतः खाली उतरतात आणि पाच कणसं कापून देतात, पाचच.

कवंडाळाच्या बिया माझ्याकडे आहेत, माटोळी उतरवल्यावर एक फळ वाळवून ठेवलंय. मासिकाच्या पत्त्यावर तुमचा पत्ता लिहिलेलं पाकीट पाठवा, तिकीट लावून. मेच्या शेवटी गडग्याच्या बुंध्याशी टोचा, गडगा उरला असेल तर. नसेल तर आंब्याखाली.